दुर्बिणीतून किती दिसतं

९ फेब्रुवारी १९७५, रविवार

उजाडायच्या आत तलावाच्या पाळीवर. मफलर विसरलो, कान गेले. पण बसल्याचं सार्थक. ऊन पाठीमागून येतं, समोर गावाकडचा काठ लख्ख. चिखलात तलवार बदकं, थापट्या, आणि चक्रवाकाची ती जोडी (यापुढे नुसतं च.वा.). परतीची वर्दळ सुरू झालेली दिसते. दक्षिणेकडून थवे येतात, इथे टेकतात, पोटं भरतात आणि उत्तरेला निघतात. उन्हं तापली की सगळं रिकामं.

पूर्वी ऐन मोक्याला समोरच्या बेशरमाच्या झुडपांत आपल्या वस्तीतल्या बायका टमरेल घेऊन यायच्या. सगळं उठवून लावायच्या. फार कटकट. संक्रांतीपासून कुणी फिरकत नाही. पाखरं निवांत, मी निवांत.

दिवाळीत मेहुण्याने फौजेतली दुर्बीण दिली, तेव्हापासून शांताचं एकच पालुपद. "लग्नात माह्याकडं कदी असं टक लावून पाह्यलं नाई तुमी."

१३ फेब्रु.

सुमन शाळेत नाही. सोमवारपासून. सातवीतली, गणितात सगळ्या पोरांना मागे टाकणारी. परीक्षा तोंडावर. निरोप पाठवला तर उत्तर आलं, घरी काम आहे. काम! आपल्या वस्तीतली सातवीपर्यंत पोचलेली ही पहिली मुलगी, आणि तिला शेण गोळा करायला बसवायचं. मनस्वी राग आला. वर्गावर उगाच ओरडलो.

१६ फेब्रु., रवि.

पाळीवर गेलो. च.वा. आहेत. धुकं होतं, फार काही नाही.

येताना तसाच सुमनच्या घरी. बाप कारंज्याला कापसाच्या जिनिंगवर, घरी आई पार्वता आणि आजी. पार्वता दारातच उभी. "जयभीम" म्हणाली ते जमिनीकडे बघून. बसा म्हटलं नाही. ही तीच बाई, मी इथे बदलून आलो तेव्हा आपल्यातला पहिला मास्तर आला म्हणून वस्तीभर साखर वाटणारी. मी शिक्षणावर बरंच बोललो. ती ऐकत राहिली. "हो गुरुजी. बरं गुरुजी." आत भांड्यांचा आवाज होत होता, तो सुमनचा असणार.

आजीने माझ्या गळ्यातल्या दुर्बिणीकडे पाहून विचारलं, "पाखरंच पाह्यता न मास्तर यातून?"

"मग काय, वाघ?" मी हसलो. कुणीच हसलं नाही.

१८ फेब्रु.

सुमन नाही.

२३ फेब्रु., रवि.

काय लिहू.

सकाळी निघताना शांता म्हणाली, "आज नका जाऊ." मी म्हटलं, काहून? तर चुलीपुढून उठली, दार लोटलं आणि सांगितलं.

बायका त्या काठाला येत नाहीत त्या माझ्यामुळे. संक्रांतीच्या सुमारास कुणीतरी पाळीवरून जाताना मला बघितलं. मास्तर रोज सकाळी आपल्याच दिशेला काच लावून बसते. त्या दिवसापासून सगळ्या नाल्यापलीकडे पळसाच्या रानात जातात. काटे, दगड, लांबचा पल्ला. बाकीच्या गावाला आपापली शेतं आहेत, आपल्या वस्तीला तेवढा तलावाचा काठच होता. पंधरा दिवसांमागे पार्वता आणि सुमन पळसातून एका शेताच्या कडेला गेल्या, तर तिथल्या राखणदाराने वाट्टेल त्या शिव्या दिल्या, ढेकूळ फेकून मारलं. सुमनच्या पाठीत लागलं. त्या दिवसापासून पार्वता म्हणते, ज्याच्यापायी हे झालं त्याच्यापुढं माही पोरगी बसनार नाई.

मी म्हटलं, तू तरी सांगायचंस.

"मी बी त्याहिच्यासंगंच जाऊन राह्यली न महिनाभर."

"मग काहून नाही बोललीस?"

"बायका म्हने, गुरुजीले काई म्हनू नका. आपला मानूस आहे. त्याले लाज वाटंल."

मला लाज वाटेल म्हणून.

२४ फेब्रु.

शाळेत फळ्याकडे तोंड करून शिकवलं. पोरांच्या आया मला बघतात तेव्हा काय बघतात, हे आता कळतं. विहिरीवरून जाताना बोलणं थांबायचं, मला वाटायचं मान देतात.

रात्रभर एकच. मी पाहिलं होतं का? खरं सांगायचं तर दुर्बीण फिरवताना कधी लाल लुगडं मध्ये यायचं, कधी हिरवं. मी लगेच पुढे सरकवायचो. सभ्यपणा म्हणून नव्हे. पाखरू निसटेल म्हणून. मला त्या बायका बायका म्हणून दिसल्याच नाहीत, बदकं उठवणारी अडचण म्हणून दिसल्या. हे माझ्या बाजूने सांगायचं की माझ्याविरुद्ध, तेच कळत नाही. आणि त्या यायच्या बंद झाल्या तर मला आनंद झाला होता. शी.

२७ फेब्रु.

सांगायचं तरी कसं? "मी तुम्हाला पाहत नव्हतो" असं चारचौघींत म्हणणं म्हणजे त्यांना पुन्हा त्याच झुडपात बसवणं.

एक सुचलंय. त्यांना दुर्बिणीतूनच बघू द्यावं. पाखरू शोधताना माझा जीव जातो, एवढंसं गोल दिसतं, हात हलला की सगळं गायब. त्या बघतील तर त्यांना पटेल. शांता म्हणाली, "नका नेऊ ते त्याहिच्यापुढं." बायकांना यातलं काय कळतं, असं मी मनात म्हटलं. मनातच.

२ मार्च, रवि.

नेली.

दुपारी पाळीवर पार्वता, सुमनची आजी, आणखी काही जणी. शांताने आणल्या, स्वतः मात्र मागे उभी राहिली. मी सांगितलं, हे पाखरांसाठीच आहे, बघा, यात किती थोडं दिसतं. आजीला काहीच दिसेना. मग पार्वताने घेतली. मी लांबूनच सांगितलं चाक कसं फिरवायचं ते. तिने समोरच्या काठावर धरली. तिथे कुणीतरी म्हशी धूत होतं. नुसत्या डोळ्यांनी माणूस एवढंच कळत होतं.

"सखाराम मामा हायेत," ती म्हणाली.

मग चाक थोडं फिरवलं.

"करदोडा दिसते मामाचा. गाठ दिसते करदोड्याची."

तिने दुर्बीण खाली घेतली. माझ्या हातात दिली नाही. पट्टा गोळा करून हळूच दगडावर ठेवली, आणि पदर पुढे ओढून घेतला.

"आमाले वाटे," ती शांताला म्हणाली, मला नव्हे, "ठिपक्यावानी दिसत असन."

एकेक करून सगळ्या गेल्या. कुणी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पाळ खचून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. मी त्यांचा संशय घालवायला गेलो होतो, आणि जे त्यांना माहीत नव्हतं तेही दाखवून आलो.

३ मार्च

शांता बोलत नाही. जेवण वाढते.

८ मार्च

आज बोलली. मी म्हटलं दुर्बीण विकून टाकतो, जवळच्या मालेगावच्या बाजारात कुणीही घेईल. "विकून कोनाच्या गावाले पाठोता?" म्हणाली. तेही खरंच. तिच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवली. किल्ली तिच्याकडे. तिने वस्तीत तसं सांगितलंही.

९ मार्च, रवि.

घरीच. शाळेपुढच्या पळसावर पळसमैनांचा धुडगूस, झाड नुसतं बडबडत होतं. आता दाणे आणि फुलं खाऊन हे उत्तरेला जाणार. एरवी मी जेवण सोडून बघितलं असतं. आज खिडकी लावून घेतली.

१२ मार्च

हेडमास्तरांना म्हटलं सातवीचा वर्ग बदलून द्या, मी दुसरी घेतो. कारण विचारलं. घसा बसतो म्हणालो. दिला. आता तरी सुमनला पाठवतील का?

१७ मार्च

सुमन आली. दुसरीच्या खोलीवरून तिला जावं लागतं, दप्तर छातीशी धरून भराभरा गेली. बाराखडी घेता घेता डोळे भरून आले. पोरं म्हणाली, गुरुजीले सर्दी झाली.

वस्तीतल्या बायका पुन्हा तलावाकडे जायला लागल्या, असं शांता म्हणाली. बाकी तिने काही सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

२९ मार्च

परीक्षेचं केंद्र मालेगावला. नवे वर्गशिक्षक तापाने आडवे. हेडमास्तर म्हणाले, पोरं तुम्हीच न्या. नाही म्हणायला तोंड नव्हतं. पार्वता घरी आली. शांताशी बोलली, मी आत होतो. "गुरुजीले नेऊ द्या. माह्या पोरीची परीक्षा नाई बुडाली पाह्यजे. पन सुमन मांगून चालन."

२ एप्रिल

पहिला पेपर. पहिली एसटी धरायची म्हणून पहाटेच पोरं घेऊन निघालो. फाट्याला जायची वाट पाळीवरूनच आहे, दुसरी नाही. मी पुढे, पोरं रांगेत, सुमन शेवटी. हातात फक्त कंपासपेट्यांची पिशवी. उजाडत होतं. पाण्यावर काहीच नव्हतं, च.वा.ही गेलेले. ते बघायला मी मान वर केली, सवयीने.

समोरच्या काठावर झुडपांत ठिपके होते. ठिपकेच. लाल, हिरवे.

वाटेने पुरुष आला की बसलेल्या बायका उठून उभ्या राहतात, ही रीत जन्मापासून पाहतोय. पण ती शेजारून जाणाऱ्यासाठी. इतक्या लांबच्या माणसासाठी कुणी उठलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आज एकेक ठिपका उभा राहिला. सगळे. पाठ करून, हलेनात.

मागून सुमन म्हणाली, "गुरुजी, लवकर चाला न."

मी मान खाली घातली आणि चालू लागलो. पण मान खाली घातली हे इतक्या लांबून त्यांना कसं दिसणार?