मिस्त्रीचा कान

माय, रविवारी मी तुझं गुपित अक्कलकुव्याच्या हमरस्त्यावर, मांडवात, माईक हातात घेऊन फोडलं. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली, त्यामुळे तू मला अडवू शकली नाहीस. तुझ्याशी मी आयुष्यभर अहिराणीत बोलले; पण रागवायचं असलं की मला शाळेतलीच भाषा लागते, आणि हे पत्र मी रागानेच लिहिते आहे. तुला वाचता येत नव्हतं, ही अडचण मला ठाऊक आहे.

आबांवरचा राग मी केव्हाच खर्चून टाकला. तो सोपा होता. बाई राबते आणि नाव दुसऱ्याचं होतं, यावर मी तळोद्यापासून शहाद्यापर्यंत किती सभा गाजवल्या असतील. दर वेळी डोळ्यांपुढे आबाच असायचे, कानात रबरी नळी घालून, डोळे मिटून उभे. राग उरला आहे तो तुझ्यावर.

मांडव होता जुन्या मोटरसायकलींच्या हौशी लोकांचा. वीसेक माणसं आपापल्या गाड्या घेऊन तोरणमाळला निघाली होती आणि 'कानवाल्या मिस्त्री'च्या, म्हणजे आबांच्या, फोटोला हार घालायला आपल्या जुन्या गॅरेजपुढे थांबली. तिथे आता टायरचं दुकान आहे. मला बोलावलं, कारण मी मिस्त्रीची मुलगी, आणि बोलणारी बाई. मी उठले आणि बोलता बोलता त्यांना थेट आपल्या त्या काळच्या मागच्या अंगणात नेलं.

सकाळ आहे. तापीकाठचे केळीवाले काका त्यांची दोन सिलेंडरची, साडेतीनशे सीसीची गाडी घेऊन पुढच्या दारी उभे आहेत. दोन सिलेंडर, दोन कार्बोरेटर. दोघांनी सारखी हवा ओढली तर गाडी मऊ चालते. एकाने जास्त ओढली तर एक बैल गाडा ओढतो आणि दुसरा जुवाखाली नुसता चालतो. आबा म्हणतात, "पाटील, कार्बोरेटर जुळवाले शांतता लागस. तुम्ही चहा घ्या." आणि गाडी ढकलत मागे आणतात. आबांचा उजवा कान तोवर पुरता गेला आहे. डाव्याने समोरच्याचं बोलणं तेवढं कळतं. इंजिनाच्या धडधडीखाली हवेचा जो बारीक सुस्कारा असतो, तो त्यांना ऐकू येणं शक्यच नाही. तू चुलीपुढून उठतेस. हातात फुंकणी. चालू इंजिनापाशी उकिडवी बसतेस, फुंकणीचं एक टोक डाव्या कार्बोरेटरच्या उघड्या तोंडाशी, दुसरं तुझ्या कानाशी. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे. त्या आवाजात बोलायची सोय नाही, म्हणून हवेतच बोट फिरवतेस: पाव फेरा आत. आबा स्क्रू फिरवतात. तू मान हलवतेस: जास्त झालं, थोडं मागे. शेवटी दोन्ही सायलेन्सरांमागे दोन तळहात धरतेस. दोन्ही हातांना सारखा मार लागला की पदराला हात पुसून भाकरीकडे जातेस. आबा गाडी पुढे नेतात, खिशातली रबरी नळी त्या मेलेल्या कानात खुपसतात, डोळे मिटतात. "आते ऐका." आणि काका म्हणतात, "वा मिस्तरी, कान शे का काय शे!"

भिंतीच्या अलीकडे भाकरी थापणारा तुझा हात तेव्हा क्षणभर थांबायचा. तो थांबलेला हात मी पुढे कितीतरी भाषणांत वापरला, कुणा एका बाईचा म्हणून, नाव-गाव न सांगता. अपमान म्हणजे काय ते सांगायला.

नाव-गाव का नाही सांगितलं, ते तुला माहीत आहे. मी बारा वर्षांची होते. काकांनी आबांना विचारलं, "मिस्तरी, हाई समजस कसं तुमले?" आणि मी उंबऱ्यातून ओरडले, "आबाले काय समजस? मन्ही माय ऐकस!" आबांनी नळीची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली. तू हसत बाहेर आलीस. "पोरगी शाळामा नाटकमा शे, काही बी बोलस." काकाही हसले. मग आत नेऊन तू मला चुलीपुढे बसवलंस, ओलं लाकूड आत सारलंस आणि फुंकणी माझ्या हातात दिलीस. "तोंड चालाडनं शे ना तुले? मंग फुक." मी फुंकत राहिले. धुराने डोळे गेले, नाक गेलं, आणि तू शेजारी बसून शांतपणे पीठ मळत होतीस. जाळ धरला तेव्हा म्हणालीस, "त्यास्ना कान गया हाई गावले समजनं, त आठे गाडी कोन लई येई? घरनी गोट घरमा."

ते मला पटलं होतं, माय. पोटाचा प्रश्न मला बाराव्या वर्षीही कळत होता. पुढे एकदाच, मी कॉलेजात असताना, तू फुंकणी माझ्या कानाला लावलीस. मला नुसता गोंधळ ऐकू आला. तू इंजिन बंद करायला लावलंस आणि म्हणालीस, "आवाज ऐकू नको. दोन्हीस्मा फरक ऐक." दुसऱ्या खेपेला तो मला ऐकू आला. इतकी पुस्तकं वाचली, इतक्या मोठ्या माणसांची व्याख्यानं ऐकली, पण ऐकायचं कसं हे याहून नीट मला कुणी सांगितलं नाही. आणि हे सांगणारी बाई स्वतःबद्दल खोटं बोलत राहिली.

आबा गेले तेव्हा मला वाटलं, आता तरी तू खरं सांगशील. गॅरेज बंद झालं होतं, मी नोकरीला लागले होते, त्या खोट्यावर आता कुणाचं पोट नव्हतं. तेराव्याला माणसं ओट्यावर बसली होती. तुला कुणीही काहीही विचारलं नव्हतं. तू आपण होऊन दाराआडून म्हणालीस, "त्यास्नासारखा कान कोनाले नही." मी तुला स्वयंपाकघरात गाठलं, म्हटलं, माय, आता कुणाला भितेस? तू भांडी घासत राहिलीस. "तुन्हं भाषण सभामा कर."

लोक याला त्याग म्हणतील. मी म्हणणार नाही. जे आपलं आहे ते देऊन टाकणं म्हणजे त्याग. तू तर ते आपलं होतं हेच नाकारलंस. मी ज्या बायकांना म्हणते, उठा, सातबाऱ्यावर नाव लावा, मजुरी आपल्या हातात घ्या, त्या मान खाली घालतात तेव्हा मला तू दिसतेस. तुझ्यासारख्या शहाण्या बाया गप्प बसतात, म्हणून बहिऱ्या पुरुषांचे कान गाजतात. हे वाक्य मी रविवारी जसंच्या तसं बोलले.

टाळ्या पडल्या. पण माय, मला टाळ्यांमधला फरक कळतो. त्या पटल्याच्या नव्हत्या. लेक आईबद्दल गहिवरून बोलली, म्हणून पडलेल्या होत्या. पुढच्या खुर्चीवर केळीवाले काका होते, आता ऐंशीच्या घरात, नातवाच्या आधाराने आलेले. म्हणाले, "आक्का, बोलनी भारी! पन कान त मिस्तरीनाच व्हता."

मी पिशवीतून फुंकणी काढली. त्यासाठीच आणली होती. काकांची तीच गाडी समोर उभी होती, आणि तिचा डावा सिलेंडर जास्त ओढतो हे मला माईकवरून बोलतानाही कळत होतं. इस्त्रीच्या साडीने मी रस्त्यावर उकिडवी बसले. हवेची जाळी काढायला लावली, नातवाला स्क्रूवर बसवला आणि हवेत बोट फिरवलं. पाव फेरा आत. थोडं मागे. माणसं गोल करून उभी राहिली, टायरवालाही दुकान सोडून आला. मी दोन्ही सायलेन्सरांमागे हात धरले. सारखा मार. गाडी अशी बोलायला लागली की काका खुर्चीतून उठलेच.

"दखा रे, दखा! बापना कान पोरगीमा उतरना!"

या वेळी टाळ्या खऱ्या पडल्या. माझ्या तोंडाशी एकच वाक्य होतं: बापाचा नाही, मायचा. त्याला माईकही लागला नसता. भर सभेत भल्याभल्यांना गप्प करणारी मी, मी ते वाक्य बोलले नाही. हात जोडले. तुझा तो थांबलेला हात अपमानाचाच होता, असं यापुढे मी कुणाला छातीठोक सांगणार नाही. पण राग गेला, असंही समजू नकोस.

हे कागद गुंडाळून फुंकणीत सरकवून ठेवते. त्या गाडीवाल्यांनी मांडवातला फोटो पाठवला आहे: आबांच्या हार घातलेल्या तसबिरीशेजारी मी, आणि फुंकणी मी पदराआड धरली आहे. स्वतःचा संताप यावा म्हणून आज तो पाच वेळा बघितला. माय, त्यात मी खूश दिसते.