रोवण्यात सांगितलेला सिनेमा

माय, काल पुन्हा मी घरातल्या सगळ्यांशी सिनेमावरून भांडले. नातीनं एक पिक्चर लावला होता, सगळे डोळे पुसत होते आणि मी म्हटलं, हे रडणं खोटं आहे. ही बाई तीन दिवस उपाशी आहे म्हणते आणि तिच्या लुगड्याची घडीसुद्धा मोडलेली नाही. सून म्हणाली, "आई, तुम्हाला काहीच कसं आवडत नाही?" आवडतं ना. पण न आवडलेलं आवडलं असं मी कधी म्हटलेलं नाही आणि ही खोड तुझ्यापासूनच लागली. म्हणून तुलाच लिहिते.

अड्याळहून आपण भंडाऱ्याला जायचो ते काहीतरी कामानं, तुझ्या डोळ्यांच्या औषधासाठी नाहीतर कापडासाठी. काम उरकलं की तू साळसूदपणे म्हणायचीस, "एस्टीले अजून टाइम हाये. तवरी कुठं बसाचं?" आणि आपण बारा ते तीनच्या खेळाला जाऊन बसायचो. वर्षाकाठी तीन-चार सिनेमे, त्याहून जास्त नाही. पण तेवढे तुला रोवण्यापर्यंत पुरायचे. धानाचा रोवणा लागला की बाया एकमेकींच्या शेतात, या बांधीतून त्या बांधीत जायच्या. चिखलात ओळीनं वाकून, डाव्या हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची पेंढी, उजव्या हातानं रोवत मागे मागे सरत. तुला त्या ओळीच्या मधोमध उभं करायच्या, म्हणजे दोन्ही टोकांना ऐकू जावं. त्यातल्या बहुतेकींनी सिनेमाघर आतून पाहिलेलं नव्हतं.

"मंग का झालं वं?"

"सांगून राहिली ना. आधी पेंढी दे इकडं."

डाकूंचा सिनेमा सांगताना तू मध्येच थांबून विचारायचीस, एवढ्या घोड्यांले तणीस कोण टाकते? गावं लुटून राहिले, पण घोडे काय खातात? मारामारी तू एका वाक्यात उरकायचीस आणि स्वयंपाकघरातलं भांडण मात्र अर्धी बांधी चालायचं. देवादिकांच्या सिनेमात देव रानातून चालत येतो आणि पायाला माती नसते, हे तुला अजिबात खपायचं नाही. हात जोडायचीस, पण खपायचं नाही. भुताच्या सिनेमाला तर तू हसलीस, माय. सगळं थिएटर चिडीचूप आणि तू मला म्हणतेस, "भुताले दार कायले उघडा लागते?" पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून बघायला लागला, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आज वाटतं, त्या पिक्चरवर तुझ्याइतकं नेमकं कोणी बोललंच नसेल.

त्यानंतर मी पुष्कळ पाहिलं आणि आता मला माझी मतं आहेत. रहस्यपट मला कमी प्रतीचे वाटतात. खुनी कळला की दुसऱ्यांदा बघायला काही उरत नाही, म्हणजे ते कोडंच झालं. प्रेमाच्या सिनेमातली माणसं कामाला कधी जातात हा तुझा प्रश्न मी अजून विचारते आणि अजून त्याला उत्तर नाही. सगळ्यात कठीण काम हसवण्याचं. रडवायला एक आजारी मूल पुरतं, हसवायला अक्कल लागते. आणि ते गरिबीवरचे सिनेमे, ज्यांना बक्षिसं मिळतात, ते मी अगदी मन लावून बघितले. त्यात एक मोठी खोट आहे. गरिबाच्या घरात कुणी हसतच नाही. आपल्या बांधीत तर हसून हसून हातातली पेंढी सुटायची. मराठी ग्रामीण सिनेमाचं तर विचारूच नकोस. गाव म्हटलं की ऊस, पाटील आणि फेटा. धानाचं गाव नाही, तळं नाही आणि आपल्यासारखं बोलणारा कोणी आलाच तर तो गडी, लोकांनी हसावं म्हणून ठेवलेला. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगते.

पण एक सिनेमा असा आहे की त्याबद्दल मी चारचौघांत बोलत नाही. मोठ्या सुनेला घराबाहेर काढतात, ती शिवणकाम करून मुलाला वाढवते आणि शेवटी घरावर संकट आल्यावर सगळे तिला न्यायला येतात, तो. मी नववीत होते. शाळेला सुट्टी होती म्हणून मीही ओळीच्या टोकाला रोवायला उभी. तू सांगत सांगत शेवटाला आलीस. "सासू दारात उभी हाये. सून म्हणते, या, बसा, जेवून जा. पण मी नाई येत." ओळीतले सगळे हात थांबले. एक म्हातारी हळूच म्हणाली, "बराबर केलं."

आणि मी मोठ्यानं बोलले, "माय खोटं सांगून राहिली. ते वापस जाते. सासू माफी मांगते न ते वापस जाते. मी होती ना संगं!"

तू कमरेवर हात ठेवून सरळ झालीस. माझ्याकडे पाहिलंस. कुणीतरी हसलं, "वापस नाई जाईन तं कुठं जाईन?" तू म्हणालीस, "असन बापा. तू शिकलेली हायेस." आणि पुन्हा वाकलीस.

दुसऱ्या दिवशी बायांनी नवा सिनेमा मागितला तर तू म्हणालीस, "माह्या ध्यानात नाई रायत आता." पुढच्या वर्षीही तेच. काहून नाही सांगत म्हणून मी विचारलं, तर म्हणालीस, तूच सांग. मी सांगितला. पहिल्या सीनपासून, एकही गोष्ट न गाळता. अर्ध्यात बायांनी गाणं सुरू केलं. मी बायांवर रागावले, त्यांना सिनेमा कळत नाही म्हणाले. तू तिथंच होतीस, खाली वाकून रोवत राहिलीस. त्यानंतर आपल्या बांधीत कधी सिनेमा झाला नाही.

तू गेल्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या सासरी, साकोलीला, माझ्या पोरीच्या बारशासाठी भाड्यानं व्हिडिओ आणला होता. दुपारी पाहुण्यांसाठी तोच पिक्चर लावला. मी पोरीला मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसले. सासू दारात येते. सून तिला पाणी देते, जेवायला वाढते आणि जात नाही. तू सांगितलंस तसंच, अगदी शब्द न् शब्द. मी उठून मागच्या अंगणात गेले आणि खूप रडले. सगळ्यांना वाटलं, सिनेमा मनाला लागला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहिता येतं. त्या दिवशी भंडाऱ्यात मी शेवट पाहिलाच नव्हता. असले सिनेमे कसे संपतात ते मला ठाऊक होतं, तेच मी ठोकून दिलं. मध्यंतरानंतर मी तुझ्या खांद्यावर झोपले होते, माय. त्या बांधीत हे फक्त तुला माहीत होतं आणि तू बायांसमोर बोलली नाहीस.