विनाचालक गाडीत बसण्याचा वर्ग

२ जानेवारी, सकाळी

रोजनिशी सुरू. पुढे कधी मलाच प्रश्न पडला की हे सगळं आपल्याला इतक्या आधी कसं कळलं, तर पुरावा असावा.

काल विज्ञानाच्या चॅनेलवर विनाचालक गाडी पाहिली. स्टिअरिंग आपलं आपण फिरत होतं. मागच्या सीटवर एक बाई पुस्तक वाचत बसलेल्या. समोर कुत्रं आलं, गाडी थांबली. कुत्रं गेलं, गाडी निघाली. बाईंनी पान उलटलं. बस्स. माझ्या अंगावर काटा आला.

मी ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. शिकणारा स्टिअरिंगवर, मी शेजारी, आणि माझ्या पायाखाली माझा वेगळा ब्रेक. या धंद्याचा निकाल लागणार, हे एका व्हिडिओत समजलं. दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. मी शांत आहे. नवीन स्मार्ट घड्याळ घेतलंय, ते ताण मोजतं. त्याने 'ताण: जास्त' असं दाखवलं. घड्याळ नवीन आहे, त्याला माझी सवय व्हायची आहे.

२ जानेवारी, जेवणानंतर

बायकोने पुन्हा तोच विषय काढला. तिला गाडी शिकायची आहे. सासूबाई शेजारच्या गावात एकट्या, गुडघा धरलेला, उन्हाळ्यात कधीतरी ऑपरेशन. बसने जायचं म्हणजे मध्ये बस बदलायची आणि सगळा दिवस घालवायचा.

मी तिला नीट समजावलं. जी कला नामशेष होणार ती शिकायची कशाला? आज कुणी तार पाठवायला शिकतं का? ती म्हणाली, तुमची गाडी येईल तेव्हा येईल, आई आत्ता आहे. मुद्दा भावनिक होता. विज्ञानात असले मुद्दे धरत नाहीत.

शिवाय लग्नानंतर मी तिला शिकवायला घेतलं होतंच. दुसऱ्याच दिवशी भर चौकात गाडी सोडून चालत घरी गेली. का, ते अजून कळलेलं नाही. मी फक्त ब्रेक दाबला होता.

४ जानेवारी

नर्सबाईंची शिकवणी. माझ्या सगळ्यात जुन्या विद्यार्थिनी. मला परीक्षेला कधी बसवणार म्हणून पुन्हा विचारत होत्या. म्हटलं, अजून तयारी नाही. त्यावर म्हणाल्या, मी ब्रेकवर पाय ठेवायच्या आत तुम्ही दाबता, मग माझी तयारी व्हायची कशी?

म्हटलं, बाई, याला सेन्सर म्हणतात. खरं तर माझ्या शेजारी बसणं म्हणजे आजच्या आज भविष्यात बसणं. त्यांनी घड्याळात बघितलं. भारावल्या असाव्यात.

११ जानेवारी, पहाटे

सुचलं! चहाही घेतला नाही, आधी लिहून ठेवतो.

गाडी चालवायला शिकायची गरज संपणार. पण गाडीत बसायला कोण शिकवणार? पुढे कुणी नाही आणि गाडी सुसाट चाललीय म्हटल्यावर भल्याभल्यांची गाळण उडेल. तेव्हा: विनाचालक गाडीत बसण्याचा वर्ग. जगात कुणीच सुरू केलेला नसणार. (शोधून पाहिलं नाही. खात्री आहे.)

नियमही तयार. पाय सैल. हात मांडीवर. ओरडायचं नाही. गाडीवर विश्वास ठेवायचा.

१९ जानेवारी

पाटी लागली. पेंटर म्हणाला, साहेब, बसायला कुणी शिकतं का? असे लोक प्रत्येक शोधाच्या वेळी असतात.

समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलचा टायवाला बराच वेळ पाटीकडे बघत उभा होता. हा माणूस भर उन्हात टाय लावतो आणि विद्यार्थ्यांना 'प्लीज गिअर बदलता का' असं विचारतो. त्याच्या पोटात दुखलं असणार. लांबून मात्र तो हसल्यासारखा दिसत होता.

३ फेब्रुवारी

वर्गाला प्रवेश: अजून नाही. चौकशी: एक. वरच्या मजल्यावरचे आजोबा विचारत होते, नुसतं बसायचंच आहे ना, मग कंबरदुखी चालेल का. चालेल म्हटलं. विचार करून सांगतो म्हणाले.

आज मोठा निर्णय. नवीन विद्यार्थी घ्यायचे नाहीत आणि जुन्यांना खरं काय ते सांगून टाकायचं. सगळ्यांना बोलावलं. तासभर विनाचालक गाड्या, प्रयोगशाळेत वाढवलेलं मांस, मेंदूत बसवायच्या चिप यांवर बोललो. शेवटी म्हटलं, तुम्ही जे शिकताय त्याला भविष्य नाही. सगळे टायवाल्याकडे गेले. नर्सबाईसुद्धा. एका अर्थी मीच त्यांना मार्ग दाखवला.

घड्याळ: ताण जास्त. तक्रार नोंदवली पाहिजे.

१७ फेब्रुवारी

घर भविष्यासाठी तयार करायला घेतलं. बोलून लागणारा दिवा आणला. मी 'दिवा लाव' म्हणतो, तो ढिम्म. बायको स्वयंपाकघरातून म्हणते, आणि लगेच लागतो. माझा उच्चार जरा जास्त शुद्ध पडत असावा.

बायको हल्ली खुशीत असते. रोज सकाळी बूट घालून फिरायला जाते, येते ती गाणं गुणगुणतच. मी घडवत असलेल्या वातावरणाचा परिणाम. म्हटलं, तुलाही घड्याळ घेऊ या, पावलं मोजायला. नको म्हणाली, एवढी काही मी चालत नाही.

२४ फेब्रुवारी

जेवताना बायकोने विचारलं, चढावर गाडी उभी असेल तर हँडब्रेक आधी सोडायचा की क्लच? मी ताटात चमचा आणि वाटी घेऊन सविस्तर दाखवलं. तिने मन लावून ऐकलं, दोन शंकाही विचारल्या. कशाला हवंय म्हटलं, तर म्हणाली शब्दकोड्यात आलंय. हल्ली शब्दकोडी फारच अवघड झाली आहेत.

१० मार्च

वर्गाला प्रवेश: अजून नाही. कारण सापडलं. लोकांनी विनाचालक गाडी पाहिलेलीच नाही. आधी दाखवली पाहिजे. माझ्याकडे ती नाही. पण शोधकाचं अडत नसतं.

योजना: ड्रायव्हरच्या सीटवर मीच बसायचं, पण सीटचं जुनं कव्हर डोक्यावरून ओढून. बाहेरून बघणाऱ्याला रिकामी सीट दिसेल. डोळ्यांपुरती दोन भोकं. हात खालून काढून स्टिअरिंग तळाशी धरायचं. प्रेक्षक थक्क. मग कव्हर काढून सांगायचं की आज इथे मी होतो, उद्या इथे कुणीच नसेल.

बायकोला कव्हर शिवून दे म्हटलं. तिने सुई-दोरा काढला. मग भोकं कापण्यापूर्वी माझ्या डोळ्यांमधलं अंतर दोनदा मोजून घेतलं. कामाला चोख आहे.

२२ मार्च, सकाळी

आज गोदामामागच्या मोकळ्या मैदानात प्रात्यक्षिक. तालीम केलेली नाही, ताजेपणा जातो.

२२ मार्च, संध्याकाळी

आडवा पडून लिहितोय. मान हलत नाही.

गर्दी बरी होती. नर्सबाई, टायवाला, आजोबा, बायको. आजोबा प्रवासी म्हणून मागे बसले. गाडी निघाली. नर्सबाई 'अगंबाई' म्हणाल्याचं स्पष्ट ऐकू आलं. माझ्या आयुष्यातला सर्वोच्च क्षण.

मग गाडीला हलका दणका बसला आणि कव्हर सरकलं. डोळ्यांची भोकं कपाळावर गेली. वेग माणूस चालतो तेवढाच. मी घाबरलो नाही, कारण गाडीवर विश्वास ठेवायचा हा आपलाच नियम. मागून आजोबा शांतपणे म्हणत होते, जरा डावीकडे, जरा डावीकडे, आता राहू द्या. गाडी वाळूच्या ढिगावर चढून थांबली.

आजोबांना खरचटलंही नाही. मी पास झालो का, असं विचारत होते. त्यांच्या प्रतिक्रियेची नोंद घेतली. मी कव्हरमध्ये अडकलो होतो. टायवाल्याने 'प्लीज' म्हणून ओढलं, तेव्हा मान लचकली. तांत्रिकदृष्ट्या इजा त्याच्यामुळे.

प्रयोगाचा निष्कर्ष: संकल्पना यशस्वी, शिवण सैल.

२३ मार्च

गळ्यात पट्टा. डॉक्टर म्हणाले, मी सांगेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. मी त्यांना थ्रीडी प्रिंटरवर मणका छापून मिळण्याबद्दल विचारलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि गरम पाण्याने शेका म्हणाले.

वर्गाला प्रवेश: आजोबांनी विचार बदलला.

३० मार्च, दुपारी

सासूबाईंच्या शेजारणीचा फोन. सासूबाईंचा बाथरूममध्ये पाय घसरला, दवाखान्यात दाखल केलंय. आता गुडघ्याचं ऑपरेशन उद्या सकाळीच. सही करायला कुणीतरी घरचं हवं.

बस संध्याकाळपर्यंत नाही. टॅक्सीवाला फोन उचलेना. बायकोचा चेहरा पांढराफटक पडला होता. मी म्हटलं, चल, मी नेतो, मान सरळच ठेवायची आहे ना, रस्ताही सरळच आहे. ती म्हणाली, अहो, तुम्हाला आरशात बघता येणार नाही, आणि मला आई एकच आहे.

मग तिने कपाटातून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. ड्रायव्हिंग लायसन्स. तिचं. वर तिचा फोटो, फोटोत ती हसते आहे. टायवाल्याकडे शिकली. रोज सकाळी, बूट घालून.

खिळ्यावरची किल्ली घेऊन ती जिन्यापर्यंत गेली आणि तिथूनच म्हणाली की येणार असाल तर या, नाहीतर दार लावून घ्या.

३० मार्च, रात्री, दवाखान्यातल्या बाकावर

मला वाईट वाटलं. कुणी वाचणार नाही म्हणून लिहून टाकतो, फार वाईट वाटलं. ती शिकली याचं नाही. मला न सांगता का शिकली, हे मला विचारावंही लागलं नाही, याचं.

घरच्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही. हे मला निघाल्यावर पहिल्याच वळणावर लक्षात आलं. मी दाबत राहिलो. ट्रक आला, दाबला. सायकलवाला आला, दाबला. लांब शेतात एक म्हैस उभी होती, तिच्यासाठीही दाबला. दरवेळी गाडी थांबायची तेव्हा थांबली आणि निघायची तेव्हा निघाली. मी काही केलेलं नव्हतं.

माझे नियम मीच केलेले. पाय सैल: नाही. हात मांडीवर: एक दारावर, एक छताला. ओरडायचं नाही: दोनदा ओरडलो.  चढावर सिग्नल लागला. तिने क्लच हळूच सोडला, मग हँडब्रेक. गाडी तसूभरही मागे गेली नाही. ताटात मी नेमकं असंच दाखवलं होतं. हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, हो, ते चांगलं शिकवलंत, तेव्हा तुमचा पाय टेबलाखाली होता.

पोचल्यावर घड्याळ वाजलं. आज आपण उत्तम सायकल चालवलीत, अभिनंदन.

सासूबाईंनी लेकीला बघितलं आणि रडायलाच लागल्या. इतक्या लवकर कशी आलीस म्हणाल्या. लेक म्हणाली, गाडीने. त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले, जावईबापू, तुमचे उपकार झाले म्हणाल्या. बायको आईची चादर नीट करत राहिली. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला वाटतं, मी काय म्हणतो याची ती वाट बघत होती.

मी म्हटलं, मी नाही चालवली, हिने चालवली. पट्ट्यामुळे मान हलवता येत नव्हती, म्हणून ते जरा मोठ्याने म्हणावं लागलं. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटनेही ऐकलं. सासूबाई लेकीकडे बघतच राहिल्या.

३१ मार्च

ऑपरेशन चांगलं झालं. सासूबाई शुद्धीवर आहेत, चहा मागतायत.

बायको घरून कपडे आणायला जायचं म्हणते. संध्याकाळी परत यायचं. मला विचारलं, पुढे बसताय की मागे?

मागे म्हटलं. सासूबाईंच्या उशाशी एक पुस्तक होतं, ते मागून घेतलंय.