आपण बाद झाल्यावर

क्रांती चौक, औरंगाबाद
१८ डिसेंबर १९९८

प्रिय शकीला,

रविवार, १३ डिसेंबर, संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. अंतिम सामना संपायला जेमतेम तीन मिनिटं उरली असताना तू माझ्या शेजारून उठलीस, पर्स उचललीस, थर्मासही उचललास (चहा माझा होता), आणि कोर्टाला वळसा घालून समोरच्या बाकावर जाऊन बसलीस. ज्या शाळेनं गुरुवारी आपल्या शाळेला हरवलं, त्याच शाळेच्या बाकावर. आणि टाळ्या वाजवल्यास. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. टाळ्याच होत्या.

हे फोनवरही बोलता आलं असतं. पण तीस वर्षं टेलिफोन खात्यात मी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली आहेत. अडचणीचा प्रश्न आला की माणसं 'हॅलो, आवाज येत नाही' म्हणून कशी निसटतात, ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून कागद.

आपला नियम तू विसरलीस असं मी म्हणत नाही, तरी लिहून ठेवते. पंचावन्न साली आपल्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर शाळेच्या बास्केटबॉल संघाला घेऊन हैदराबादला गेल्या. आपण पहिल्याच सामन्यात बाद झालो आणि परतीची तिकिटं होती शेवटच्या दिवसाची. सिस्टरांचा आपल्यावर केवढा विश्वास! मुली उशीत तोंड खुपसून रडत बसल्या. सिस्टर म्हणाल्या, रडून झालं असेल तर तोंडं धुवा, बूट घाला आणि मैदानावर चला. हरलेल्या संघानं शेवटच्या सामन्यापर्यंत बसायचं, कुणाची तरी बाजू घ्यायची आणि घेतली की मनापासून घ्यायची. दोन्हीकडे टाळ्या वाजवणं त्यांना प्रार्थनेत शिट्टी मारण्याइतकं असभ्य वाटे. तेव्हापासून आपल्या दोघींचं ठरलं. आपली शाळा बाद झाली की त्याच दिवशी, चहा संपायच्या आत, उरलेल्यांतला एक संघ निवडायचा आणि शेवटपर्यंत तो बदलायचा नाही. आपली शाळा दरवर्षी इतक्या लवकर बाद होते की आयुष्यभर आपण बास्केटबॉल पाहिला तो बहुतेक दुसऱ्यांचाच.

निवड मी कधी उगाच केली नाही. ज्या मुलींच्या वेण्या घट्ट त्यांचा बचाव घट्ट, हा माझा अनुभव आहे. रेफ्रीशी हुज्जत घालणारा संघ नको. आणि आपल्याला हरवणारा संघ तर मुळीच नको. सुरुवातीच्या वर्षांत तू एकदा पुटपुटली होतीस, "उलटं कर की गं. ज्यांनी आपल्याला हरवलं तेच जिंकले, तर आपण चँपियनकडून हरलो असं तरी म्हणता येईल." मी म्हटलं, ही घरजावयाची ऐट झाली. तू "हौ बाई, तू म्हणतीस तसं" म्हणून हसलीस आणि विषय संपला.

सबा तुझी नात आहे आणि यंदा आपल्याला हरवलं त्याच संघात ती खेळते, हे मला माहीत नव्हतं असं नाही. तुझ्या मुलानं मुकुंदवाडीला घर घेतल्यावर सुनेनं पोरीला आपल्या शाळेतून काढून जवळच्या शाळेत घातलं, तेव्हा मी एक शब्द बोलले नाही. दोन-तीन बोलले असेन. म्हणूनच गुरुवारी चहा ओतताना मी स्पष्ट सांगितलं की नात्यागोत्यावर निवड करायची नाही, यंदा आपण फुलंब्रीच्या मुलींकडून. फुलंब्री माझं माहेर आहे म्हणून नव्हे. त्या मुली भरल्या एसटीत उभ्यानं येतात आणि तरी वेळेच्या आधी येतात म्हणून. तू म्हणालीस, "तू बोल ना. तू बोलशील ते." हे तुझेच शब्द, आणि तेव्हा तुझा कप अर्धा भरलेला होता.

आता ती शेवटची मिनिटं. सबाला दोन फ्री थ्रो मिळाले. तिनं चेंडू दोन्ही हातांत धरला, गुडघ्यांमध्ये नेला आणि खालून वर नुसता झुलवून नेम घेऊ लागली. आमच्या बाजूचं सगळं पब्लिक खो खो हसलं. माझ्या मागचा टोपीवाला ओरडला, "ए पोरी, इहिरीतून पाणी काढती काय गं?" आजकाल तसं कुणी टाकत नाही. सिस्टरांनी आपल्याला मात्र तसंच शिकवलं होतं, आणि साऱ्या संघात ते तुला एकटीला जमलं होतं. तेव्हा तू उठलीस. पहिला चेंडू आत गेला तेव्हा तू अर्ध्या वाटेवर होतीस. दुसरा गेला तेव्हा पोचली होतीस. शेवटी फुलंब्री एका गुणानं हरली. टोपीवाल्याला मी मागे वळून जे बोलले ते आपल्याला शाळेत शिकवलेलं नव्हतं.

चार दिवस मी रागातच होते. अजूनही आहे. पण राग करत बसलं की माणसाला नको ते आठवतं. हैदराबादहून परतताना गाडी पूर्णेला खोळंबली होती आणि तू भुईमुगाच्या शेंगा फोडत मला सांगितलं होतंस. निजामाचं राज्य गेलं त्या पोलिस ॲक्शननंतर चाचे कराचीला गेले, अब्बा इथंच राहिले, आणि मग दुकानात, कचेरीत, मशिदीच्या पायरीवर जो तो त्यांना विचारी, "मियाँ, आप किसके तरफ?" रोज. तू म्हणालीस, "वच्छू, मेरेकू ये कोई पूछो नक्को." मी मनाशी ठरवलं की हिला कधी विचारायचं नाही. त्रेचाळीस वर्षं विचारलं नाही. तुझ्या वाटचं मीच निवडत गेले, आणि हे मी तुझ्यावर उपकार समजत होते. रविवारी पहिल्यांदा तू स्वतः निवडलंस, कुणी न विचारता, भर मैदानात. तरीही सामना चालू असताना संघ बदलत नाहीत. चूक ती चूकच.

मंगळवारी मी शाळेत गेले होते. आपल्या मुली फाटक्या बुटांत खेळल्या, त्याबद्दल चार शब्द सुनवायला. नव्या प्रिन्सिपलबाई फार गोड बोलतात. त्यांनी गोड आवाजात सांगितलं की येत्या जूनपासून मुलींचा संघ नाही. पालकांना कॉम्प्युटर हवेत, कोर्टावर खोल्या उठणार. म्हणजे गुरुवारी आपण बाद झालो ते कायमचेच. रिक्षात बसल्यावर मला कळेना की आता आपण भेटायचं कशाच्या निमित्तानं. सासूबाई होत्या तोवर तुला माझ्या घरी बोलवता आलं नाही, आणि त्या गेल्यावर बोलवायची सवय उरली नव्हती. आपली सगळी मैत्री त्या बाकावरच झाली. म्हणून हे पत्र. पुढच्या वर्षी मी कुणाच्या बाजूनं बसायचं, ते तू ठरव. कारण देऊ नकोस. सबाचा संघ असेल तर सबाचा. तिची वेणी फार सैल असते, पण मी बोलणार नाही. बोलले तरी टाळ्या वाजवीन. संघाचं नाव मला लेखी हवं, तुझ्या अक्षरात, ३१ डिसेंबरच्या संध्याकाळी पाचच्या आत. पोस्टावर भरवसा नसेल तर स्वतः घेऊन ये. दुपारी मी घरीच असते आणि दार उघडं असतं.

तुझीच, अजून रागावलेली,
वच्छला