ह्यांच्या सायकलला मोटर

२४ ऑगस्ट, रविवार

आज खोटं बोलले. आईंशी — म्हणजे सासूबाईंशी. ‘सायकल सर्व्हिसिंगला नेते,’ म्हटलं.

‘चालवत कोणी नाही, तं सर्व्हिसिंग काहून?’

‘पडून राहिली तर गंज चढतो, आई.’

‘हव,’ म्हणाल्या. आणि फाटकापर्यंत आल्या. जाताना पदराने हँडल पुसलं. ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून रोज सकाळी व्हरांड्यात उभी असलेली ही सायकल पुसतात. देवपूजेच्या आधी!

सायकल ह्यांची. गियरची, जाड टायरची, डोंगरात चालवायची. इथे रायपूरजवळच्या बीरगावात डोंगर कुठला? पण उरला वसाहतीतल्या कारखान्यातून रिटायर झाल्यावर देश फिरणार होते तिच्यावर. रिटायर व्हायला वेळ मिळाला नाही. दुपारची ड्युटी करून आले, खुर्चीत बसले, पाणी मागितलं. मी पाणी घेऊन येईपर्यंत झालं होतं.

आता तिला मोटर बसवतेय. शेजारच्या लहानूभाऊंची दीक्षा बसवणार. ती ई-रिक्षा दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये काम करते. तिने एकदाच विचारलं — ‘काकी, पक्का? बाद में रोना मत.’

२५ ऑगस्ट

काल खरं कारण लिहिलं नाही. वहीशी काय लपवायचं!

नव्या रायपूरला मुलींचं एक वसतिगृह आहे. तिथल्या वाचनखोलीसाठी बाई हवी आहे. मी दहावी शिकलेली. पण तिथल्या वॉर्डन, क्षमा मॅडम, मला पुस्तकांबद्दल विचारत गेल्या आणि मी बोलत गेले. रद्दीवाल्याकडून किलोने आणलेली पुस्तकं, मराठी-हिंदी जे हाती लागलं ते. इतकं कोणाशी बोलले नव्हते कधी. शेवटी त्या म्हणाल्या, ‘आप दिवाली के बाद आ जाइए. पर बीरगांव से आएँगी कैसे?’

‘मेरी गाड़ी है,’ मी म्हटलं.

गाडी कुठली! जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर. बस दोनदा बदलावी लागते आणि परतीची शेवटची बस वाचनखोली बंद व्हायच्या आधीच निघून जाते. स्कूटर मला येत नाही. सायकल तेवढी येते — माहेरी आर्वीला भावाच्या सायकलवर शिकले होते.

आईंना हे सांगायचं म्हणजे हेही सांगायचं, की मी सकाळी जाईन ते अंधार पडल्यावर येईन. पंचाहत्तरीच्या बाईने दिवसभर एकटं राहायचं. जीभ उचलत नाही.

२७ ऑगस्ट

गणपती बसले. आरतीला आई म्हणाल्या, ‘पुढच्या वर्षी सायकल घरी आली पाहिजे रे बाप्पा, लवकर.’ पुढच्या वर्षी! सर्व्हिसिंगला किती वेळ लागतो, हे त्यांनाही कळतं.

२ सप्टेंबर

वर्कशॉपमध्ये गेले. सायकल उलटी टांगलेली. मागचं चाक काढून बाजूला टेकवलं होतं. नवं चाक आलंय, त्याच्या पोटातच मोटर. भाकरीच्या तव्याएवढी. हात लावला, थंडगार.

दीक्षाचं आयटीआयचं पुस्तक मी घरी आणून वाचलं, निम्मं कळलं. म्हणून विचारलं, एवढ्या ताकदीची मोटर कशाला?

‘काकी, सत्तर किलोमीटर जाना है, ऊपर से ओवरब्रिज. छोटी मोटर रस्ते में रो देगी. फिर आप भी रोओगे.’

तिचा बाप लहानूभाऊ तिथेच बिडी ओढत होता. म्हणाला, ‘वहिनी, हे पोट्टी तुमाले विमान करून देते. खाली उतरा म्हटलं तं उतरता आलं पाहिजे.’

‘पप्पा, आप चुप रहो.’

सायकलची फ्रेम ॲल्युमिनियमची आहे, मऊ. मोटरने जोर मारला तर आस खाचेतून फिरून बाहेर येईल, म्हणून दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या लावल्या. बॅटरी फ्रेमच्या तिकोनात, जिथे ह्यांची पाण्याची बाटली असायची. बाटलीचा पिंजरा दीक्षाने काढून माझ्या हातात दिला. आणि सीट माझ्या उंचीला खाली केली. सीटच्या दांड्यावर ह्यांनी खिळ्याने रेघ ओढली होती, स्वतःच्या उंचीची. ती आत गेली. दिसेनाशी झाली.

दीक्षाने पाहिलं. ‘वापस ऊपर कर दूँ?’

‘नको,’ मी म्हटलं. पाय टेकत नाहीत तर काय करणार.

पिंजरा पिशवीत घालून आणला. धान्याच्या डब्यामागे ठेवलाय.

१४ सप्टेंबर

आज ह्यांची तिथी. खीर, वडे, भरडलेली डाळ, सगळं केलं. गच्चीवर पान ठेवलं. कावळे समोरच्या तारेवर बसलेले — हलायला तयार नाहीत. आई उन्हात उभ्या. मी हात जोडून मनात म्हणत होते — मी करतेय ते पटत नसेल तर सांगा. पण मोठ्याने काही बोलले नाही.

आईच बोलल्या. ‘शेखर, तुही सायकल घरी आणते रे बाबा. विनू आणते. आता खाय.’

आणि एक कावळा उतरला!

दुपारी दीक्षाकडे गेले — जशी असेल तशी दे, दोन दिवसांत घरी न्यायची आहे.

‘कौए के कहने पे?’ तिने डोळे मोठे केले. मग माझं तोंड बघून पाना उचलला.

१६ सप्टेंबर

सायकल घरी आली. आईंनी ओवाळली. मग वाकून बघत राहिल्या.

‘चाक एवढं फुगीर काहून?’

‘नवीन पद्धतीचं आहे.’

‘अन् हा डबा?’

‘सामान ठेवायला.’

‘जड झाली व मायबाई. शेखर एका हातानं उचलत जाय.’

तीन प्रश्न, तीन उत्तरं. एकही खरं नाही. चार्जिंग आई दुपारी झोपल्या की करते. वायर पुस्तकांच्या कपाटामागून नेलीय. चोरासारखी.

२१ सप्टेंबर, रविवार

आईंना सांगितलं, पंडरीच्या बाजारात जाते, साडीला फॉल आणायला. दीक्षा स्कूटीवर मागे, मी पुढे. बीरगाव सुटेपर्यंत पायडल मारले. मग अंगठ्याने खटका दाबला.

काय लिहू! मागून कोणीतरी हात लावून ढकलावं, तसं. माहेरी भाऊ ढकलायचा तसं, फक्त सोडत नाही! ओव्हरब्रिज चढताना एक मालट्रकवाला डोकं बाहेर काढून बघत राहिला. नव्या रायपूरचे रस्ते रुंद, मोकळे, कडेला कुंपणासारखी झाडं. मी हसत होते. एकटीच, मोठमोठ्याने.

वसतिगृहाच्या फाटकाला हात लावून परत फिरलो. दीक्षाने मध्ये थांबवून मीटर पाहिला. ‘काकी! चालीस के ऊपर? कायदे से ये अब साइकिल नहीं है.’

‘मग काय आहे?’

‘वही तो. कुछ भी नहीं है. कागज माँगेगा कोई तो पैडल मारना शुरू कर देना.’ मग तिने काहीतरी दाबून वेग पंचविसावर बांधून टाकला. मोटर मात्र तेवढीच मोठी आहे, म्हणजे नियमात अजूनही बसत नाही. लपवायची आणखी एक गोष्ट.

घरी आले तेव्हा लक्षात आलं. सबंध रस्ता, जाताना आणि येताना, मला ह्यांची आठवण आली नाही. एकदाही नाही. दोन वर्षांत असं झालं नव्हतं, आणि झालं ते त्यांच्याच सायकलवर.

फॉल आणायला विसरले. आईंनी विचारलंही नाही.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी



मी झेंडूची फुलं आणायला चौकात गेले होते. आले तर अंगणात पाणीच पाणी. आईंनी शेजारच्यांचा पाइप मागून घेतला होता. आज घरातली हत्यारं, गाड्या धुऊन पुजतात. विळी, शिवणयंत्र झालं होतं. आता सायकल. सीटखालच्या डबीत, तारांच्या जोडांत, चाकाच्या पोटात — पाइपच्या तोंडावर बोट दाबून, कोपरा न् कोपरा धूत होत्या. दरसाल अशाच धुतात. ह्यांच्या हयातीत हे पाइप धरायचे आणि त्या घासायच्या.

दीक्षाने मला दहादा बजावलं होतं — ‘बारिश चल जाएगी. पाइप मत मारना.’ मला बजावलं होतं. आईंना कोण बजावणार? त्यांना वाटतं डब्यात सामान आहे.

मी ओरडले. ‘आई, हे काय केलं तुम्ही!’

आयुष्यात पहिल्यांदा ओरडले त्यांच्यावर. पाइप हातातून सुटला, अंगणभर फिरायला लागला. शेजारची अंजनाबाई भिंतीवरून बघतेय.

‘धुतली,’ आई म्हणाल्या. ‘सायकल पाण्यानं मरते का व?’

मी खटका दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. चाकातून एकदा गुरगुर आली आणि मग तीही थांबली.

तिथेच, ओल्या अंगणात, सगळं सांगितलं. मोटर, वसतिगृह, रोज सत्तर किलोमीटर, पंडरीची थाप, डबा. आई ऐकत उभ्या. लुगड्याचा काठ चिखलात. माझं बोलणं संपल्यावर त्यांनी हळद-कुंकवाची वाटी उचलली. हँडलला बोट लावलं. मग मोटरला. मग बॅटरीच्या डब्याला. माळ घातली आणि घरात गेल्या.



४ ऑक्टोबर

दीक्षाने उघडून पाहिलं. मोटर आणि बॅटरी वाचली. सीटखालची डबी, म्हणजे कंट्रोलर, तो गेला. सगळ्याला हुकूम सोडणारा तोच. नवा बाहेरून मागवावा लागेल, दिवाळीपर्यंत आला तर आला. कामावर तीन नोव्हेंबरला हजर व्हायचंय.

‘दादी को बता देते तो इतना नहीं होता, काकी,’ ती म्हणाली. आवाज वाढवून नाही. त्यामुळे जास्त लागलं.

आईंनी सायकल पुसणं सोडलंय. व्हरांड्यातून येता-जाता तिच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

१२ ऑक्टोबर

आज बोलल्या. मी भाजी चिरत होते.

‘मले सांगतलं असतं, तं मी नाही म्हटलं असतं का?’

मी सुरी थांबवली. ‘हो, आई. म्हटलं असतं.’

त्यांनी ताटातली देठं गोळा केली.

‘हव,’ म्हणाल्या. ‘म्हटलं असतं.’

आणि दोघींना हसू आलं. खरंच आलं. मग त्या डोळे पुसायला लागल्या आणि मी पुन्हा चिरायला लागले. भेंडी होती, चिकट झाली सगळी.

१९ ऑक्टोबर

कंट्रोलर आला. दीक्षाने बसवला, जोडांवर रबर गुंडाळलं. चाक फिरलं. आई दारात उभ्या राहून बघत होत्या.

‘तुही गाडी सुरू झाली वाटते,’ म्हणाल्या.

दोन वर्षं ‘शेखरची सायकल’ म्हणत होत्या.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

नागपूरहून शर्मिष्ठाताई आल्या, माझ्या नणंदबाई. दरवर्षी याच दिवशी भावाला ओवाळायला यायच्या. आता फोटोला ओवाळतात. मायलेकी मागच्या अंगणात बसून हळू आवाजात बोलत होत्या. मी गेले की विषय बदलायच्या. ‘वहिनी, चहा कर ना.’

मला कळतं काय बोलत असतील. म्हातारीला एकटं टाकून सून मोटर लावून गावभर फिरणार. ताई तोंडावर म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुपारी ठरवून टाकलं. नाही जायचं. माझं ह्यांच्यामागे जे काही उरलंय ते आई आहेत. क्षमा मॅडमना उद्या फोन करीन. आईंना सांगितलं, ताईंच्या देखत.

‘मी नाही जात कामावर. रद्द केलं.’

वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

‘माह्यासाठी थांबशीन, अन् मग रोज तुहं हे तोंड मी पाहू? सकाळ-संध्याकाळ?’

ताई म्हणाल्या, ‘आई!’

‘आई काय? खोटं सांगून राहिली का मी?’

फोन केलेला नाही अजून.

३ नोव्हेंबर, सोमवार

शनिवारी आई ताईंबरोबर नागपूरला गेल्या. ‘राहून येतो जरा,’ म्हणाल्या. पण देवघरातली अन्नपूर्णा सोबत नेली. स्वतःच्या लग्नात माहेरून आणलेली.

आज कामावर जाऊन आले. मुलींनी पुस्तकं मागितली, नावं लिहून घेतली, निघायला उशीर झाला. अंधारात ओव्हरब्रिज चढताना सवयीने जुळवत होते — टायर पंक्चर झाला म्हणू, की मॅडमनी थांबवलं म्हणू. फाटकाशी येईपर्यंत चांगलं पटेलसं कारण तयार झालं होतं.

मग कुलूप दिसलं.