नोकरी मागितली, शाल मिळाली

६ जानेवारी २०२५, धाराशिव
पुन्हा शाल! मेट्रनची जागा मागायला गेले होते, सत्कार घ्यायला नाही! सगळं आयुष्य लष्करी नर्सिंगमध्ये घातलं, लेफ्टनंट कर्नल म्हणून निवृत्त झाले. आणि दवाखान्याचे मालक म्हणतात, "मॅडम, तुम्हाला पगार देऊन आम्ही लहान करावं व्हय?" टाळ्या. फोटो. नारळ. माझ्या अर्जावर पेढ्यांचा बॉक्स!

९ जानेवारी
नर्सिंग कॉलेज. गुलाबी शाल.

१४ जानेवारी, अणदूर
संक्रांतीला थोरल्या भावाकडे, अण्णांकडे. गंगम्मावैनी तिळगूळ देता देता बोलून गेल्या — "यांनीच सगळ्यांना फोन लावले की! मान द्या म्हणाले, नोकरी देऊ नका."
अण्णांना तिथंच धरलं. "लोक काय म्हणतील, लीला? भाऊ जिवंत असताना बहीण इंजेक्शनं टोचत फिरती! बस की खंडोबाच्या देवळात निवांत."
निवांत! बर्फात, तंबूत पोरांच्या जखमा बांधत होते तेव्हा तुम्हाला माझा अभिमान होता. आता लाज? पेन्शन आहे, खायला कमी नाही. हातांना काम हवंय, एवढंच!
कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर म्हणायच्या, जीभ आवर. नाही आवरली. सणाचं ताट सोडून उठले.

२० जानेवारी
अणदूरलाच गाळा घेतला, अण्णांच्या नाकासमोर. ड्रेसिंग, इंजेक्शन, डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणं. आडोशाला पडदे हवेत. सिद्धलिंग टेलरपुढं शालींचा ढीग टाकला. तो गारच.
"आक्का, मानाच्या शाली हैत ह्या!"
"म्हणूनच. लोंबकळू देत, उपयोग तरी होईल."

२७ जानेवारी
कुणी फिरकत नाही. अण्णांचं वजन! दुपारी एक जण आला. हायसं वाटलं. सत्काराची तारीख विचारायला आला होता!! हाकलला.

३ फेब्रुवारी
पहिला पेशंट. मागच्या दारानं. अण्णा!
शुगरनं चिघळलेला अंगठा, कधीपासून लपवलेला. मोजा काढताना माझ्याकडं बघेनात. "वैनीला सांगू नको." गुलाबी शालीमागं बसवलं, जखम धुतली, पट्टी बांधली. आधी डॉक्टरांकडं जा, म्हणून दरडावलं.
"ड्रेसिंग उद्याही लागेल," म्हटलं. "पुढच्या दारानं यायचं."

४ फेब्रुवारी
पुढच्या दारानं आले. डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. मागं देवळाच्या कट्ट्यावर त्यांच्यासोबत बसणारे दोघं — लंगडत.