कोमट आरसे

८ जानेवारी

चि. धाकटेराव यांस,

अनेक आशीर्वाद, आणि प्रथम तक्रार. आरशामागे हीटर चिकटवायची पट्टी तू पाकिटाला लावलीस. उघडायला पक्कड घ्यावी लागली आणि तुझी खुशाली मधोमध फाटली. उरलेल्या अर्ध्यावरून तू ठणठणीत आहेस असं धरून चालतो.

आता मुख्य संतापाकडे. माझ्या म्हाताऱ्या गाडीच्या दोन्ही आरशांना तू हातानं तार वळवून नवे हीटर बसवलेस. काल धुक्यात बटण दाबलं, तर उजवा आरसा तडकला आणि मागचा ट्रक दिसलाच नाही. तुझी वहिनी शेजारी होती. थोडक्यात वाचलो. तू हीटर तपासतोस, की नुसते मंत्र म्हणतोस?

लोभ आहेच, राग उतरला की सापडेल.

दादा

१५ जानेवारी

ती. दादास,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून डोकं फिरलं. कंपनीनं हे हीटर बनवणं कधीच सोडलंय. माझ्यामुळे लोकांच्या जुन्या गाड्या धुक्यात बाहेर पडतात. प्रत्येक हीटर चालू करून मी काचेवर बोटं टेकवून बघतो. तुझे दोन्ही कोमट होते, कोमट! तूच तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं असशील. तू भटजी, मंत्र तुझ्याकडे; तार माझ्याकडे. मला शिकवू नकोस.

लोभ ठेवायचा तर ठेव, नाहीतर राहू दे.

धाकटा

२१ जानेवारी

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. पाणी ओतलं नव्हतं. शास्त्रार्थात तुझ्याकडून हरायचं नाही, म्हणून उरलेला डावा आरसा टेबलावर घेतला, बॅटरीला जोडला आणि प्रत्यक्ष प्रमाण म्हणून तुझ्यासारखीच बोटं टेकवली. बोटांना टरटरून फोड आलेत. पत्र तुझ्या वहिनीकडून लिहून घेतोय. ती मध्येच तुझा उद्धार करतेय, तेवढा गाळायला सांगितलाय.

याला तू कोमट म्हणालास. गाढवा, तू हट्टी आहेस, पण खोटारडा नाहीस, आणि म्हणूनच माझं डोकं जास्त फिरलंय. बाबांच्या तळव्यांना तापलेली फरशी लागेनाशी झाली, तेव्हा विचारलं म्हणून त्यांनीही आपल्याला असंच झापलं होतं. आपण गप्प बसलो. पाय कापायची वेळ आली, तेव्हा रक्तातली साखर कळली.

पाठवलेले सगळे आरसे परत मागव. उद्याच रक्त तपासून घे. नाही म्हणालास तर मी येऊन कान धरून नेईन.

लोभाचं नंतर बघू. आरसा गेला खड्ड्यात. मला तुझ्या बोटांची भीती वाटते रे.

दादा